संदेशचा लहान मेंदू

माणूस नुसता समोर उभा केला, की त्याच्या मेंदूचा कुठला भाग चालतो आणि कुठला बंद पडलाय हे आपण सांगू शकतो, असं निवृत्तीमामांचं ठाम म्हणणं होतं! लोणावळ्यात ते ज्या हॉटेलचे मॅनेजर होते, तिथं एका कंपनीच्या साहेबलोकांचं मेंदूवर दोन दिवसांचं शिबिर भरलं होतं. चहाची सोय बघता बघता मामांनी ते मागं उभं राहून ऐकलं. तेव्हापासून कुसगावात कुणाची धडगत राहिली नाही.

त्यात भाची अपेक्षाला बघायला वराळ्याची मंडळी येणार असं कळलं. मामांनी लगेच बाह्या सरसावल्या.

"अंबूताई, पत्रिका-बित्रिका ऱ्हाऊ दे! मी पोराचा मेंदूच तपासून घेतो!"

"आदी पोह्यांत मीठ पडलंय का त्ये तपास," बहीण म्हणाली.

मंडळी आली. कारखान्यात सुपरवायझर असलेला संदेश, त्याचे वडील दत्तोबा आणि आत्या नंदाबाई. सगळे सतरंजीवर टेकले आणि मामा सुटले! मोठ्या मेंदूचा मागचा भाग बघायचं काम करतो, कानाजवळचा ऐकायचं... दत्तोबांना डुलकी लागली. संदेश मात्र शहाण्या पोरासारखा मांडी घालून बसला होता, नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं. दारात अपेक्षा होती. तिला पोरगा आवडला होता.

"पाव्हणं, उटा! एका पायावर हुबं ऱ्हावा!"

संदेश उठला, एक पाय उचलला आणि दोरी तुटलेल्या ताडपत्रीसारखा धाडकन पोह्यांच्या ताटात पडला!

"बगा!" मामा आनंदानं ओरडले. "तोल सांबाळायचं काम लहान मेंदूचं! पोराचा लहान मेंदू बिगडलाय!"

"काय?" नंदाबाई उसळल्या. "आमच्या पोराला लहान मेंदू?"

"आवं मावशी, लहान मेंदू समद्यांनाच असतो. तुमालाबी हाय!"

"दादा, उट! ह्यो मला बिनडोक म्हनतोय!"

दत्तोबा दचकून जागे झाले. आता सारवासारव करावी म्हणून मामा गोड आवाजात म्हणाले, "भाऊ, बाकी पोरगं झकास हाय. श्वास चालतोय, काळीज ठोके देतंय. म्हंजे त्याच्या मेंदूच्या बुडाचं मस्तिष्कपुच्छ लय तगडं हाय!"

"पुच्छ?" दत्तोबांचे डोळे पांढरे झाले. "पुच्छ म्हंजे शेपूट! माझ्या पोराला शेपूट?"

"तुमालाबी हाय की, भाऊ!"

झालं! मंडळी ताडकन उठली. चपला सापडेपर्यंत शेजारची बयाबाई कुंपणाला येऊन टेकली होती. मंडळी रस्त्याला लागायच्या आत निम्म्या कुसगावाला कळलं, की वराळ्याच्या नवरदेवाला शेपूट निघालं आणि पोरीकडच्यांनी वेळेत ओळखलं!

संदेश मात्र फाटकाशीच अडकला होता. पाय बुटात जाईना. अपेक्षा सरळ त्याच्याजवळ गेली.

"काय झालं पायाला?"

"मुंग्या आल्यात. मामांचं संपेस्तोवर हललोच न्हाई."

"मग मांडी मोडायची की!"

"सरकलो असतो तर दारातल्या तुमी दिसला नसता."

अपेक्षा खळखळून हसली आणि तशीच दत्तोबांकडं वळली. "आबा, मला पोरगा पसंत हाय. लहान मेंदू, शेपूट, समद्यासकट!"

दत्तोबांनी रागीट चेहरा ठेवायचा बराच प्रयत्न केला, पण मिशीच्या आत हसू फुटलं. नंदाबाईंनी पदरानं तोंड झाकलं. मंडळी परत फिरली. पोहे नव्यानं टाकावे लागले, आणि ह्या वेळी चमच्यांशिवाय कुणी आवाज केला नाही.

सुपारी फुटली, पाहुणे गेले. अंबूबाईंनी भावाला समोर बसवलं.

"निवृत्ती, मानसानं कुटं गप बसावं, ह्ये मेंदूचा कुटला भाग ठरवतो रं?"

मामांनी डोकं खाजवलं.

"त्ये दुसऱ्या दिशी सांगितलं आसंल," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "दुसऱ्या दिशी आचारी न्हवता, मी आत भजी तळत हुतो."