आवडलं तर पैसे

“आधी करून दाखवा. आवडलं तर पैसे,” झुरळवाले फोनवर म्हणाले आणि बारकी नेहमीप्रमाणे “हो, चालेल की,” म्हणून मोकळी झाली.

बारकी म्हणजे वय वर्षं एकोणतीस. पण घरातलं शेंडेफळ असल्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. नोकरी सोडून ती जेवणाच्या टेबलावर बसून लोकांच्या पाट्या, पत्रकं, बोधचिन्हं डिझाइन करायची. झुरळवाले म्हणजे घरोघरी झुरळं, ढेकूण, उंदीर मारून देणाऱ्या कंपनीचे मालक. त्यांना पाटीसाठी, पत्रकांसाठी आणि तीन गाड्यांसाठी एक झकास चित्र हवं होतं, आणि ते त्यांनी एकाच वेळी पाच जणांकडून फुकट मागवलं होतं.

बाबांनी पेपर खाली ठेवला. “म्हणजे हाही फुकट्याच?”

“फुकट नाही हो. नमुना आहे.”

“सहा महिन्यांत अकरा नमुने झाले. आवडले कुणाला?”

“सगळ्यांना आवडले.”

“मग पैसे?”

बारकीने चहाचा रिकामा कप तोंडाला लावला. बाबा धान्याच्या गोदामाचे निवृत्त प्रमुख. तीस वर्षं त्यांनी उंदरांशी उभा दावा मांडला होता आणि आता दिवसभर कोडी सोडवत घरात बसून होते.

“माझ्या गोदामात एक पोतं कुणी फुकट हलवलं नाही,” ते म्हणाले. “एक तारखेपर्यंत पैसे देणारं एक तरी गिऱ्हाईक आण. नाहीतर मुकाट्याने मामाच्या ऑफिसात बसायचं. मी त्याला शब्द दिलाय.”

मामाच्या ऑफिसात फाइलींवर नंबर टाकायचे होते, आणि मामा दिवसभर शीळ घालायचे. बारकीने दोन दिवस मान मोडून काम केलं आणि पाय वर करून पडलेलं एक झुरळ काढलं, डोळ्यांत चक्क पश्चात्ताप! अकरा वेळा ठेच लागल्यावर एक शहाणपण मात्र तिला आलं होतं. कुणी चित्र चोरू नये म्हणून ती नमुन्यावर आपला मोबाइल नंबर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरका छापायची. नमुना गेला, झुरळवाल्यांकडून उत्तरादाखल एक अंगठा आला आणि मग सगळं सामसूम. फोन केला तर ते उचलेनात.

आठवड्याने सकाळीच बारकीचा फोन वाजला. पलीकडे एक बाई किंचाळत होत्या.

“लवकर या! न्हाणीघरात आहे!”

“कोण?”

“मिशावाला! माझ्याकडेच बघतोय!”

ती पोलिसांचा नंबर सांगणार, तेवढ्यात दुसरा फोन आला, मग तिसरा. कुणाच्या फ्रीजखाली होते, कुणाच्या बुटात. बाराच्या आत तेवीस फोन झाले. फोन चार्जिंगला लावून बारकी ब्रेड आणायला खाली उतरली आणि तिच्यासमोरून एक गाडी गेली. गाडीवर तिचं झुरळ होतं आणि झुरळावर तिचा नंबर!

झुरळवाल्यांनी पैसे वाचवायला नमुनाच जसाच्या तसा छापखान्यात धाडला होता. स्वतःचा नंबर त्यांना कधीच पाठ नव्हता. उलट ‘नंबर काय ठसठशीत आलाय!’ म्हणून स्वारी खूश होती.

बारकी धापा टाकत घरी आली तर बाबा तिचा फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते.

“ताई, घाबरायचं नाही. आधी ओटा कोरडा करा. पाणी मिळालं नाही की तो टिकत नाही. नळ गळतोय का? मग तोच फितूर!”

“बाबा, ठेवा तो फोन!”

“थांब गं, उंदराची केस रांगेत आहे.”

पुढचे दिवस बाबांनी कोड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका वहीत घर, मजला, शत्रू आणि उपाय अशा नोंदी होऊ लागल्या. लोकांची झुरळं खरंच कमी झाली आणि लोक आभाराचे फोन करू लागले. आई म्हणाली, “घरातलं एक झुरळ कधी मारलं नाही यांनी!” पण तिचं ऐकायला फोन मोकळा कुठे होता?

तीस तारखेला दारात झुरळवाले उभे. घामाघूम.

“तीन गाड्या उभ्या आहेत! माणसं पत्ते खेळतायत! शेवटी पाटीवरचा नंबर मीच फिरवला, तर या गृहस्थांनी मलाच झुरळांवर उपाय सांगितला!”

“गुण आला का?” बाबांनी आस्थेने विचारलं.

“आणि वर फुकट! अहो, असं फुकट काम करून दुसऱ्याच्या पोटावर पाय देता? मेहनतीला काही किंमत आहे की नाही? कामाचे पैसे घ्यायलाच हवेत!”

बारकीने हळूच कागद-पेन पुढे सरकवलं.

“काका, हे एवढं लिहून देता का?”

झुरळवाले वरमले.

“नंबर माझा, चित्रही माझं,” बारकी म्हणाली. “या चित्राचे पैसे आधी. तुमच्या नंबराचं नवं करून हवं असेल तर त्याचेही आधी. तोवर बाबांचा दवाखाना चालू राहील.”

पैसे तिथल्या तिथे जमा झाले. आयुष्यात पहिल्यांदाच आधी! बारकीला नाचावंसं वाटलं, आणि ती खुर्चीभोवती एक गिरकी घेऊन नाचलीसुद्धा. “बाबा, मामाला कळवा. मी येत नाही!”

बाबांनी खाली मान घालून मामाला तसं कळवलं.

झुरळवाले मात्र निघेनात. त्यांनी वही चाळली. शहाऐंशी घरं, शहाऐंशी उपाय.

“साहेब, तुम्ही आमच्याकडेच या ना, सल्लागार म्हणून. महिनाभर करून दाखवा. काम आवडलं तर पगाराचं बघू.”

बारकी दुसरी गिरकी अर्धवट सोडून ओरडली, “बाबा, नाही!”

बाबांचा चेहरा उजळला होता.

“हो, चालेल की,” ते म्हणाले.

आईने कपाळावर हात मारला. “आत्ता कळलं, पोरगी कुणावर गेलीय ते.”