मी पेरलेल्या सोयाबीनच्या कॅलरी

आपलं शरीर दिवसाला किती कॅलरी जाळतं हे ज्याला कळलं, त्याला आयुष्यात दुसरं काही कळण्याची गरज उरत नाही. म्हणून जबाबदार नागरिकानं हा अंदाज खोटा विनय बाजूला ठेवून काढावा. मी तसाच काढला.

मी माणिकराव, परभणीतल्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांत पाच किलो उतरवा, नाहीतर रोज इन्सुलिनचं इंजेक्शन." मला सुईची फार भीती वाटते. (लहानपणी पोलिओच्या डोसलाही मी रडलो होतो, आणि तो तोंडातून देतात.)

लेकीनं, प्रियांकानं, मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं. नियम सोपा: जळतं त्यापेक्षा कमी खा. ॲपनं विचारलं, कामाचं स्वरूप? बैठं, हलकं, मध्यम की अतिकष्टाचं? बोट 'बैठं'वर गेलंही होतं. पण बोरीला माझं नऊ एकर रान आहे. ते बायनाबाई आणि तिचा नवरा बटईनं करतात; कष्ट त्यांचे, पीक अर्धं-अर्धं. सातबारा माझ्या नावावर. दर हंगामात मी कार्यालयात सांगतो, "औंदा मी येळेवर पेरलं, दोनदा कोळपलं, तीनदा फवारलं." आजवर एकाही सहकाऱ्यानं हरकत घेतलेली नाही. (त्यांनीही तेव्हा फवारलेलंच असतं.) सबब, 'अतिकष्टाचं'.

निकाल: रोज साडेतीन हजार कॅलरी. मी तीन हजारच खाल्ल्या. त्याग सोपा नव्हता. रानात फवारणी असली की अशक्तपणा येऊ नये म्हणून दोन धपाटे जादा घ्यावे लागत. पत्नी माधवी म्हणाली, "अवो, फवारणी बोरीत चाललीय. तुमी इथं कामून खायलाव?" शेतीतलं तिला काही कळत नाही.

तीन महिन्यांत वजन चार किलो वाढलं. ॲप बिघडलं असावं, म्हणून स्वतःच्या कष्टांची खातरजमा करायला मी बोरीला गेलो. बांधापर्यंत पोचलो आणि धाप लागली. बायनाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बसा मालक. एवढं कशानं थकलाव?"

"सोयाबीन काढायलोय न्हवं!" मी म्हणालो.

तिनं हातातला विळा माझ्याकडं दिला. मी धार तपासून तो परत केला.

इंजेक्शन सुरू झालं. ते बटईनं देता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. (मी विचारलं होतं.)

हसू नका. तुम्हीही घर 'बांधलं' असेलच. त्या विटा वाहिल्याच्या कॅलरी धरा, पोटभर जेवा, आणि जाताजाता शुगर तपासून घ्या.