कपाटातून बोलणारे वॉल्टर-सान

आमच्या खालच्या मजल्यावरचे वॉल्टर-सान कपाटात बसून अमेरिकेशी बोलायचे. सान म्हणजे जपानीतलं 'राव', आणि कपाट म्हणजे भिंतीतलं, गाद्या ठेवायचं. त्यात हे सहाफुटी म्हातारे अमेरिकन गृहस्थ पाय दुमडून बसत आणि तिकडच्या रेडिओसाठी जपानच्या गोष्टी रेकॉर्ड करत. गाद्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. मासिकातही लिहायचे, पण खरा जीव रेडिओवर.

जपानात, ग्योतोकु या उपनगरात आम्ही नवे असताना ते दारात उभे राहिले. कुकरच्या शिट्ट्यांची तक्रार असणार, म्हणून माझी बायको सुषमा आधीच 'सुमिमासेन, सुमिमासेन' करत माफी मागू लागली.

"माफी नको, आणखी एक शिट्टी द्या," म्हणत त्यांनी माइक पुढे केला. "एडिटर खूश होईल!"

हे त्यांचं पालुपद. कचरा चुकीच्या पिशवीत टाकल्याबद्दल बोलणी खाल्ली, तरी एडिटर खूशच.

२०११च्या मार्चमधल्या मोठ्या भूकंपानंतर त्यांना एकदम भाव आला. पुढे दर मार्चमध्ये तिकडून फोन यायचा, आठवणींवर चार मिनिटं बोला. पितृपक्षात भटजींना असते तशी मार्चमध्ये यांना मागणी. मग मासिक बंद पडलं, एडिटर निवृत्त झाला, आणि उरला फक्त तो मार्चमधला फोन.

एका मार्चमध्ये ते मोबाइल घेऊनच आमच्याकडे चहाला आले. "श्श! आता येईल." आम्हाला कपबशीही वाजवू देईनात. सुषमानं चहा दोनदा गरम केला. फोन काही आला नाही.

"विसरले असतील," मी म्हटलं.

"भूकंप जुना झाला," ते म्हणाले. "मीही."

उठले आणि सुषमाकडून शिकलेल्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाले, "जातो."

"जातो म्हणू नये, वॉल्टर-सान. येतो म्हणावं."

का, ते मी समजावलं. एक बूट पायात, एक हातात, असे ते थबकले. "जपानीतही तसंच. इत्तेकिमास. जाऊन येतो." मग हळूच म्हणाले, "पण घरात कुणी असलं तरच म्हणायचं ना ते."

सुषमा ठसक्यात म्हणाली, "मग आमच्या दारात म्हणायचं. रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात कोट-टाय घातलेले वॉल्टर-सान.

"येतो!"

"या हं," सुषमानं आतून उत्तर दिलं.

स्टेशनपर्यंत सोबत होईल म्हणून मीही ऑफिसची बॅग उचलून धावतच खाली उतरलो. ते कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर नुसतेच उभे होते. निघालेल्या माणसाला विचारू नये ते मी विचारलं, "कुठे?"

"कुठेच नाही," ते ओशाळून म्हणाले. "पण लगेच परत गेलो तर बरं दिसेल का?"