दराचा रकाना

रामदास नाना नमुन्याला आलेली टोपली उपडी करायचे, तिच्यावर बसायचे आणि तिथेच चहा मागवायचे. चहा संपेपर्यंत टोपलीनं तग धरला तर ती पास. नानांचं वजन नव्वदच्या पुढे, त्यामुळे पुरा चहा फार थोड्या टोपल्यांच्या नशिबी येई. साहेब आले तरी ते उठत नसत. "तपासनी चालू शे, साहेब," एवढंच म्हणत.

आमच्या कार्यालयात वसतिगृहांच्या सामानाची खरेदी होते. खरेदीचं टेबल नानांचं, शेजारचं माझं. खरेदीच्या कागदातली प्रत्येक अट ते मोठ्यानं वाचत आणि मला विचारत, "ताई, ही अट कोन्हासाठी शे?" एकदा वैतागून मी म्हणाले, "नियमासाठी आहे, नाना." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

त्या वर्षी मुलींच्या वसतिगृहांना टोपल्या घ्यायच्या होत्या. जुन्या मसुद्यात सगळ्या वसतिगृहांची मिळून एकच मोठी मागणी, आणि पुरवठ्याचा तीन वर्षांचा अनुभव हवा ही अट. म्हणजे दरवर्षी तोच व्यापारी आणि तीच प्लास्टिकची टोपली. नाना कागद घेऊन साहेबांपुढे उभे राहिले.

"डोंगरमातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बांबू विनतस. त्यासन्या पोरी आपला वसतिगृहमा जेवतस. आन टोपली येस सुरतथीन! काम दिधं नई, तर बायासले अनुभव कथाईन येई?"

साहेब म्हणाले, "नाना, एक फोन केला की ट्रक दारात येतो. कशाला कटकट?"

पण नाना चिवट. मागणीचे लहान लहान वाटे झाले, गावातल्या गटाला पेलतील असे. अनुभवाची अट गेली, बांबूची टोपली चालेल असं लिहिलं गेलं. मला हे सांगायला दोन ओळी लागल्या, नानांना सात महिने लागले.

अक्कलकुव्याच्या डोंगरातून बांबूकाम करणाऱ्या बायांच्या गटातर्फे गिंबीबाई दरपत्रकाचं बंद पाकीट आणि नमुन्याची टोपली घेऊन आली. तिच्या टोपलीनं नानांखाली हूं की चूं केलं नाही. नानांनी खुशीत दुसरा चहा मागवला.

पाकिटं सगळ्यांसमोर फोडायची असतात. व्यापाऱ्यांचे दर वाचून झाले आणि मी गिंबीबाईचं पाकीट फोडलं. गटाचं नाव, शिक्का, सह्या, अंगठे, सगळं जागच्या जागी होतं. दराचा रकाना मात्र कोरा.

"बाई, भाव नाही लिहिला?"

"मी कसा लिहू?" ती नानांकडे बघत म्हणाली. "बाजारात घेणारा पहिले बोलतो, मग मी बोलते. तू सांग, साहेब."

तिच्या बाजाराची रीतच तशी. घेणाऱ्याच्या आधी भाव बोलणं म्हणजे आगाऊपणा. मी नानांच्या कानाशी लागले, "आत्ता विचारून लिहून घेऊ. कोणाचं काय जातंय?"

नानांचा चेहरा पडला होता. "दुसरासना आकडा तिनी आते ऐकेल शे, ताई."

आणि त्यांनी स्वतःच शेरा लिहिला: दर नमूद नाही, अपात्र. गिंबीबाईनं टोपली डोक्यावर ठेवली आणि ती निघून गेली. त्या खेपेला वसतिगृहात पुन्हा प्लास्टिकच आलं. मला नानांचा असा राग आला की आठवडाभर मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढची मागणी सहा महिन्यांनी निघायची होती. नानांनी फलकावर सूचना लावली, दरपत्रक कसं भरायचं ते कोणालाही शिकवलं जाईल. एकही व्यापारी फिरकला नाही. नाना मात्र बाजाराच्या दिवशी रजा टाकू लागले. का, ते मला खापर गावच्या बाजारात मिरच्या घेताना कळलं. नाना गोणपाटावर मांडी घालून बसले होते, समोर गिंबीबाई आणि तिच्या चार सोबतिणी, मधे कोरा कागद.

"मेहनत तुन्ही शे. आकडा तू बोल."

"तू बोल, साहेब."

"मी नई सांगस."

माझ्या मिरच्या घेऊन झाल्या, भाजी झाली, तरी यांचं तेच चाललेलं. नानांनी एकदाही आकडा सुचवला नाही.

पाकिटं फोडायच्या दिवशी त्यांनी साहेबांना लिहून दिलं, यातल्या एका गटाला मी शिकवलं आहे, मला दूर ठेवा. निवृत्तीला महिना उरलेला. ते बाहेर बाकावर जाऊन बसले. मी आत एकेक पाकीट फोडलं, दर वाचले, सह्या झाल्या, आणि धावतच बाहेर आले.

"दर लिखेल शे का?" त्यांनी विचारलं.

"लिहिलाय. सगळ्यांत कमी त्यांचाच आहे, नाना. काम त्यांना मिळालं!"

मला वाटलं, आता चहा मागवतील. ते बाकावर जरा सरकले आणि मला शेजारी बसवलं. नानांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, जाऊन चार वर्षं झाली होती, आणि घरी नाना एकटेच असत. काकूंचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मन्ही बाई बी असीच व्हती, ताई," ते म्हणाले. "साडी लेवानी तरी म्हने, तुम्ही म्हनशात ती. तिले कोनता रंग आवडे, माले आज बी ठाऊक नई."

"कधी विचारलं नाही तुम्ही?"

"इचारं ना, दर सनले इचारं." त्यांचे डोळे भरून आले होते. "पन ती बोलस तोपावत मी कधी थांबनू नई."