चुंबकाचा गुण

घड्याळजींच्या उजव्या हाताचा अंगठा दुखायला लागला आणि ती बातमी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या कानावर गेली. यातली पहिली गोष्ट सोसण्यासारखी होती.

ताईंनी तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. निवृत्त होऊनही त्यांचं बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखंच यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एक खोका घेऊन दुकानात हजर झाल्या. आत मनगटावर बांधायचे चार काळे पट्टे होते.

"दोन तुला, दोन मला," ताई म्हणाल्या. "चुंबक आहेत यात. रक्त खेळतं राहतं, दुखणं पळतं. माझे सांधेही हल्ली कुरकुरतात. हात पुढे कर."

"पण ताई, घड्याळं आणि चुंबक म्हणजे..."

"मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये."

घड्याळजींचं वय अठ्ठावन्न होतं. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला. चुंबक घड्याळाजवळ नेऊ नये हे ते काम शिकताना पहिल्याच दिवशी शिकले होते. पण शर्टाच्या गुंडीएवढ्या त्या चकत्या! यात कसलं बळ असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

बायकोने मात्र त्यांना डॉक्टरांकडे नेलंच. डॉक्टरांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. "दुखणं जाईल याची खात्री मी देणार नाही. पण अपायही काही नाही. घालायचा तर घाला, फक्त गोळ्या आणि बोटांचे व्यायाम सोडू नका."

अपाय नाही, हे त्यांनी माणसापुरतं सांगितलं होतं.

तीन-चार दिवसांत एक विचित्र प्रकार सुरू झाला. चिमट्यात धरलेला बारीक स्क्रू जागेवर ठेवला तरी चिमटा सोडेना. सोडला तर भलतीकडेच उडी मारी. घड्याळजी भिंग लावून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत. चाळीस वर्षं ज्या हाताने मुंगीच्या पायाएवढे भाग बसवले, तो हात आता ऐकत नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

मग एका दुपारी मुख्याध्यापिकाबाई तावातावाने दुकानाची पायरी चढल्या.

"काय हो, साफ करून दिलेलं घड्याळ पुढे पळतंय, हेच का तुमचं काम? आज शाळा अर्धा तास आधी सुटली! पोरं घरी गेली तर दाराला कुलपं!"

"बाई, तुम्ही दुसऱ्या कुणाच्या घड्याळाशी ताडून नाही पाहिलंत?"

"पाहिलं की! रस्त्यात बस डेपोचे कंट्रोलर भेटले होते. दोघांच्या घड्याळांत दोन मिनिटांचा फरक. मी म्हटलं, चला, माझं बरोबर आहे."

तेवढ्यात कंट्रोलरच आत आले. त्यांनीही आपलं घड्याळ गेल्याच आठवड्यात घड्याळजींकडून साफ करून नेलं होतं.

"साडेआठची गाडी मी आठ वाजून पाच मिनिटांनी सोडली," ते म्हणाले. "आख्खी रिकामी! ड्रायव्हर खूश. पण स्टॉपवर चाळीस माणसं मला शिव्या घालत उभी होती."

घड्याळजींचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही घड्याळं ठेवून घेतली, पुन्हा उघडली, पुसली, तेल दिलं. कुठे काही दोष सापडेना. आणि जितका वेळ ती त्यांच्या हाताखाली होती, तितकी ती जास्तच पळू लागली. दोन दिवसांनी परत नेलेलं घड्याळ घेऊन बाई पुन्हा आल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. "तुम्हाला बरं नाही का?" असं त्यांनी हळूच विचारलं. घड्याळजींना तेच जास्त लागलं.

त्या संध्याकाळी ते लवकर घरी आले. बायकोने चहा पुढे ठेवला.

"दुकान बंद करावं म्हणतो," ते म्हणाले. "माझा हात गेला."

"असं काय बोलता? आधी चहा घ्या, साखर ढवळून घ्या. अहो, चमचा कुठे गेला? आत्ता इथे ठेवला होता."

घड्याळजींनी कपाळाला हात लावला. चमचा त्यांच्या मनगटावरून लोंबत होता.

बायको हसत सुटली. घड्याळजी हसले नाहीत. ते तसेच उठले, चमच्यासकट दुकानात गेले, पट्टे काढून लांब ठेवले आणि खणातलं होकायंत्र काढून बाईंच्या घड्याळाजवळ धरलं. सुई गर्रकन फिरली. कंट्रोलरांच्या घड्याळाजवळ धरलं, तीच गत. आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगला चुंबक लागला होता, म्हणून घड्याळं पुढे पळत होती. चिमट्याजवळ तर ती पिसाळल्यासारखीच करू लागली. चाळीस वर्षांत इतका मूर्खपणा केला नव्हता, आणि इतका आनंदही झाला नव्हता. हात शाबूत होता!

सकाळी त्यांनी चुंबकत्व उतरवायचं यंत्र लावून सगळी घड्याळं एकेक करून सुधारली. मग दारोदार जाऊन ती दिली आणि खरं काय ते सांगितलं. स्प्रिंग जुनी झाली होती, असं सांगता आलं असतं, पण ते त्यांना जमलं नाही. मुख्याध्यापिकाबाई एवढंच म्हणाल्या, "ताईंना नाही म्हणणं मलाही कधी जमलं नाही. मी त्यांच्याच हाताखाली होते."

शेवटी ते धीर गोळा करून पट्टे परत द्यायला ताईंकडे गेले. ताई भरदिवसा पांघरूण घेऊन पडल्या होत्या.

"बरं झालं आलास," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "माझं काही खरं नाही. जेवायची वेळ होऊन जाते तरी भूक लागत नाही. दहा वाजून जातात, झोप नाही. आणि सकाळी सहाला उठते तर सगळीकडे काळोख! डोळेही चालले बघ. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते सांगून ठेवते."

घड्याळजींची नजर ताईंच्या मनगटाकडे गेली. घड्याळ होतं आणि त्याला खेटून काळा पट्टा.

"ताई, आत्ता किती वाजले?"

"दीड. आजही घास घ्यावासा वाटत नाही."

"पावणेबारा वाजलेत."

ताईंनी पांघरूण बाजूला केलं. मग उठून बसल्या, पट्टे काढले, पाय खाली सोडले आणि स्वयंपाकघरात गेल्या. तासाभराने त्या पोटभर जेवल्या. रात्री वेळेवर झोपल्या, आणि सकाळी डोळे उघडले तेव्हा खोलीत लख्ख उजेड होता.

आठवड्याने मुख्याध्यापिकाबाई घड्याळजींना रस्त्यात भेटल्या. त्यांच्या दोन्ही मनगटांवर काळे पट्टे होते.

"बाई, हे काय? मी तर तुम्हाला सगळं सांगितलं होतं!"

"ताईंनी बांधले. त्या म्हणाल्या, मला फार गुण आला."

"अहो, तो काढल्यावर आला!"

"तेही मी म्हटलं त्यांना," बाई हताशपणे म्हणाल्या. "तर म्हणाल्या, काढायचा म्हटलं तरी आधी घालायला नको का?"