दामूकाका होड्या तपासतात

दामूकाकांनी आजवर चित्रांतल्या किमान शंभर होड्या बुडवल्या असतील.

डहाणूला दर हिवाळ्यात एका शाळेच्या मैदानावर लोककलांचा मेळा भरतो. तारपा वाजतो, बांबूच्या टोपल्या आणि लाकडी मुखवटे मांडलेले असतात, आणि वारली चित्रांच्या स्टॉलची तर रांगच लागते. आमचे नरपडचे शेजारी दामूकाका खिशातली घडीची मोजपट्टी काढून त्या रांगेत शिरतात. काका होड्या बांधणारे सुतार. फायबरच्या होड्या आल्यापासून हाताला काम उरलं नाही, पण नजर काही निवृत्त व्हायला तयार नाही. चित्रात होडी दिसली की पट्टी लावायची, एक डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा, "बुडणार!"

"काका, ही भिंतीवर लावायची आहे हो," एक चित्रकार एकदा काकुळतीला येऊन म्हणाला.

"मग भिंतीवर बुडणार. नाळ बघ, होडीचं नाक कसलं, नुसती बदकाची चोच!"

हे ऐकून उंबरगावहून आलेल्या एका गुजराती बेननी हातातलं चित्र खाली ठेवलं. "ना भाई, बुडणारी होडी घरात कशाला?" काकांना वाईट वाटलं. त्या चित्रकाराला नाळ कशी काढायची ते त्यांनी तासभर शिकवलं. तो बिचारा गिऱ्हाईकं सोडून शिकला.

मला ते दर वर्षी सोबत न्यायचे. "मास्तर, साक्षीदार लागतो," म्हणायचे.

कडेच्या एका स्टॉलवर मात्र काका कधी गेले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "तिकडे ऊन लागतं." त्या स्टॉलवर आंब्याची दाट सावली होती.

तिथे त्यांची मुलगी नंदा बसायची. नऊ वर्षांपूर्वी तिने तलासरीजवळच्या एका पाड्यावरच्या वारली मुलाशी स्वतःच्या मनाने लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत. "या घराचा उंबरा विसर," एवढंच बोलले. नंदा सासूकडून चित्रं शिकली. काकू दर वर्षी माझ्याकडे तिच्यासाठी सुकटीची पुडी द्यायच्या. काका वाटेत म्हणायचे, "मास्तर, पिशवीला फार वास येतो बुवा," आणि पिशवी स्वतःच्या हातात घ्यायचे.

यंदा पुडी द्यायला मी नंदाकडे गेलो. काका दहा पावलांवर पाठमोरे उभे. मधेच वळले आणि तसेच थांबले. नंदाच्या मागे भलंमोठं चित्र टांगलेलं होतं, समुद्र आणि मधोमध होडी. काकांचा चेहरा कसनुसा झाला. दोन वेळा पुढे आले, दोन वेळा मागे गेले. शेवटी राहवेना.

"सुकाणू कुठंय?" ते ओरडलेच.

नंदाने वर पाहिलं. "नाही काढलं."

"सुताराची पोर तू! सुकाणू विसरलीस?"

"विसरले नाही, बाबा. चार वर्षं मुद्दाम चुकतेय. कधी नाळ वाकडी काढते, कधी वल्हीच काढत नाही. सगळ्यांच्या चुका काढायला जाता, माझ्याकडेच येत नाही."

तिने तांदळाच्या पिठाची वाटी आणि बांबूची काडी पुढे केली. त्यांनी सुकाणू काढलं. रेघ फुगली, ओघळली. नंदाने पुसली नाही.

"बाबा, मेळा संपला की घरी येऊ?" तिने विचारलं.

काकांनी वाटी खाली ठेवली आणि ते चालू लागले.

नरपडला घराच्या फाटकापाशी पोचल्यावर म्हणाले, "मास्तर, तलासरीहून सकाळची एसटी इकडे किती वाजता येते?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो, तर काका इस्त्रीचा सदरा घालून थांब्यावर उभे. मेळा अजून दोन दिवस चालणार होता. नंदा त्याआधी येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.