फिरंगिणीचं नाक

आमच्या तिवसा गावात झिंगराजीकाकांना रामराम घातला की ते आधी तुमच्या नाकाकडे पाहत. तेही समोरून नाही; मान वाकडी करून, बाजूने. नाकाला बाक दिसला तर "या, बसा", नाही तर नुसतंच "हं". माझं नाक नकटं, त्यामुळे भिंतीला भिंत लागून असूनही माझ्या वाट्याला कायम "हं"च आलं.

या वेडाचं मूळ त्यांच्या दारात बांधलेलं होतं. फिरंगीण नावाची घोडी. तिच्या पणजीचा बाप म्हणे पोर्तुगालहून गलबतातून गोव्याला उतरला होता. तेव्हापासून दर पिढीला काकांच्या घराण्याने घोडा पारखूनच वंश चालवला. मेंढ्यासारखं बाकदार नाक, भरदार मान आणि नाचरी चाल ही त्या वंशाची खूण. फिरंगीण त्यातली शेवटची. वय उतरणीला लागलं, तरी पोटी शिंगरू नाही, कारण तिच्या तोलाचा घोडा काकांना सापडत नव्हता.

ते अमेरिकेतल्या लढाईचे दिवस. तिकडे गोळ्या सुटत होत्या, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी उंबरठ्यापर्यंत कापूस पेरला. अमरावतीच्या रस्त्यावर गाड्यांचा खडखडाट थांबत नसे, कुणी धड बसून जेवत नसे. काका तेवढे आपल्या वावरात गवत राखून होते.

"कापूस यईन नि जाईन. खानदान गेलं तं वापस येते का?"

स्वस्थ मात्र तेही नसत. आज अकोला, उद्या कौंडण्यपूरची जत्रा, असे घोडे पाहत हिंडत आणि परतले की अंगणात येरझाऱ्या घालत.

"जमलं का काका?" मी विचारी.

"नाक बरं होतं. पन कान! त्याच्या वंशात कोनीतरी गाढव असन."

हीच पारख घरातही चाले. काकांना मूलबाळ नव्हतं. भागीकाकूंची बहीण वारली होती आणि तिची साळू अकोल्यात दूरच्या चुलत्याकडे वाढत होती.

"आना नं जी तिले," काकू म्हणत. "लई हाल हून राहिले पोरीचे."

"आपलं रक्त नाई ते," काका येरझाऱ्या न थांबवता म्हणत.

काकू चूल फुंकायला जात. अशा वेळी मला त्या माणसाचा भयंकर राग येई.

एकदा काका असेच अकोल्याला गेले असताना माझा कापूस घ्यायला आलेल्या एका दलालाचं तट्टू माझ्या अंगणातून सुटलं आणि कुंपण मोडून थेट फिरंगिणीच्या गवतात शिरलं. ढेरपोटं, बसक्या नाकाचं. गाड्या भरायच्या गडबडीत कुणी त्याला हाकलायलाही गेलं नाही.

वर्ष सरत आलं आणि फिरंगीण व्याली. शिंगरू हुबेहूब बापावर गेलेलं. हातातला कापूस टाकून सगळं गाव कुंपणाशी जमलं.

"बुडालं पोर्तुगाल!" काका पुटपुटले आणि शिंगराचं नाक बाजूने पाहायला पुढे झाले. फिरंगिणीने कान मागे टाकले, काकांच्या खांद्याचा कडकडून चावा घेतला आणि पुन्हा शिंगराला चाटू लागली.

दारातून काकू म्हणाल्या, "तिनं पाह्यलं का जी त्याचं नाक?"

काका तिथेच खाली बसले. खांदा चोळत दुपारपर्यंत तसेच बसून होते. त्या माणसाला इतका वेळ एका जागी मी प्रथमच पाहत होतो.

शिंगरू लांबच्या वाटेला निघण्याजोगं झालं, तसे काका फिरंगिणीला आणि त्याला घेऊन न सांगताच निघून गेले. विकायलाच नेलं, असं गाव म्हणालं. काकूंनाही तेच वाटलं.

काका परतले ते पायी, लगाम धरून. मागे शिंगरू. आणि ज्या फिरंगिणीवर त्यांनी कधी सख्ख्या भावालाही बसू दिलं नव्हतं, तिच्यावर घोंगडी टाकून धुळीने माखलेली एक हडकुळी पोर बसली होती. साळूच होती. माझी मान आपसूक वाकडी झाली. पोरीचं नाक माझ्याइतकंच नकटं.

काका माझ्यावर खेकसले, "काय पाहून राहिला बे? मावशीवर गेलं ते. आमच्या घरचंच नाक हाय!"

काकूंनी धावत येऊन पोरीला उतरवून घेतलं. आधी घोडीच्या गळ्यात पडून रडल्या, मग पोरीच्या. काका आमच्याकडे पाठ करून घोंगडी झटकत राहिले. तिच्यातली धूळ संपली तरी झटकतच होते.